सिलेसिया, घर क्रमांक चौदा

खाणीचा मोजणीदार झेनोन नकाशावर
पेन्सिलीनं वाटोळी रेघ ओढतो :
तुमचं घर या बशीच्या काठावर, बाई.
दीड वर्षात बेचाळीस सेंटिमीटर.
थोडं इकडेतिकडे.

ट्रुडा त्याच्यापुढे सूप ठेवते.
सूप आधीच एका कडेला गोळा झालेलं.
कपाटाखाली तीन पाचरी,
तिसरी गेल्या नाताळातली.

सहाशे मीटर खाली कोळसा काढून झाला
की छत मुद्दाम पाडतात, हे तिला ठाऊक आहे;
अलोइझ तीस वर्षं तेच करायचा,
आणि घरी येऊन
दार नीट लागत नाही म्हणून चिडायचा.

बटाट्यांच्या वाफ्यात आता तळं आहे.
हे तुझ्या कागदात होतं का?

तळं होतं, तो म्हणतो.
बदकं नव्हती.