रिकामी ओळ

कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजात, तीन नंबरच्या खोलीत,
भिवापुरी मिरचीच्या पोत्यांमध्ये एक सेन्सर लटकलाय.
दर पाच मिनिटांनी एक आकडा बोलतो.
दिवसाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी.
कुणी ऐकत नव्हतं. फाइल भरत होती.

आता मे महिन्यातल्या एका रात्रीवरून वाद निघालाय.
मिरचीचा रंग उडाला म्हणतात,
आणि विम्याच्या माणसाला उद्या अकराला आलेख हवाय.

काळा पडदा, पांढरी अक्षरं,
मागे कूलरची टाटी ठिबकतेय.
मी आधी फाइलचं शेपूट बघते:
दहा अंकी सेकंद, स्वल्पविराम, तापमान.
हे सेकंद एकोणीसशे सत्तरपासून मोजत आलेले;
तेव्हा माझी आई सावनेरला पाचवीत होती.
त्यांना तारीख वाचायला शिकवावी लागते
आणि साडेपाच तास पुढे सरकवावं लागतं,
नाहीतर दुपारी अडीचचं ऊन
सकाळी नऊलाच डोक्यावर.
एवढी घाई नागपूरलाही नसते.

मग सॉर्ट, कारण लॉगर दोनदा बदलला
आणि काही मंगळवार सोमवारच्या आधी येऊन बसलेत.
मग दुबार ओळी काढल्या.
मग ऑकला सांगितलं, एवढे दोन रकाने ठेव,
बाकीचा पसारा टाकून दे.
उभ्या दांडीच्या अल्याड जे निघतं
ते पल्याडचा खातो.
एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात,
आणि पंगतीत भांडण नाही.

मधेच पंच्याऐंशी.
पंच्याऐंशी अंश, थंड खोलीत!
वीज आली की सेन्सर पहिल्यांदा हेच बरळतो,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.
ग्रेप लावून त्याला बाहेर काढलं.
उणे एकशे सत्तावीस म्हणजे तार निखळली. तेही बाहेर.

मग ती रात्र आली.
एक वाजून दहा मिनिटं: सहा पूर्णांक एक.
साडेचार: नऊ पूर्णांक आठ.
मधे काहीच नाही.
आलेखाने दोन्ही टोकं सुतळीने बांधून टाकली,
सरळ, सभ्य चढ,
कुठेही दहाच्या वर नाही.
गट्टानी शेठ खांद्यावरून वाकून म्हणाले,
"छान आहे की. हेच द्या."

झनकलाल बिसेन दारात उभा होता,
रात्रीचा चौकीदार, तिरोड्याकडचा,
बगलेत रजिस्टर.
"लाइन गेली होती जी. मी लिवून ठेवलं न.
दारावरच्या काचेच्या थर्मामीटरचं."
दीड: साडेसहा.
दोन: सात.
त्याखाली निळ्या शाईत, तारखेइतक्याच नीट अक्षरात,
*झोप लागली.*
सव्वातीन: दार उघडं दिसलं. लावलं. अकरा.

शेठ काही बोलले नाहीत.
कूलरचा पंप तेवढा घुरघुरत राहिला.

मी फाइल पुन्हा उघडली.
एक दहाच्या खाली एंटर दाबला.
एक रिकामी ओळ.
आलेख काढणाऱ्याला एवढं पुरतं:
तिथे तो पेन उचलतो,
आणि साडेचारला परत टेकवतो.
बिसेनचे तीन आकडे मी वेगळे दिले, फुल्या म्हणून,
रेघेला न जोडता.
तिसरी फुली सगळ्यांच्या वर,
एकटी, शिंक आल्यासारखी.

उरले दोन शब्द.
ते पुसता आले असते,
सेडला एक इशारा पुरला असता.
मी त्यांच्या आधी एक जाळीचं चिन्ह ठेवलं.
त्या चिन्हामागचं आलेख वाचत नाही,
ओलांडून पुढे जातो.
उद्या अकराला टेबलावर पडेल त्या कागदावर
बिसेनची झोप दिसणार नाही.
पण फाइल कुणी उघडलीच कधी,
सेकंदांच्या त्या लांबलचक रांगेत
एका माणसाचा सव्वा तास तिथेच असेल,
त्याच्याच अक्षरात नाही,
पण त्याच्याच शब्दांत.

"झालं का जी?" त्याने विचारलं.
झालं, म्हटलं. घरी जा, झोप.