नमुना मजकूर

आमच्या डोंगरांवर झाड नाही.
वाऱ्याला अडवायला काहीच नाही, म्हणून त्याला कामाला लावतात:
फळ्यांचं खोपट, दोन फळ्यांत बोटभर फट,
आत टांगलेलं मेंढराचं मांस.
मीठ नाही, धूर नाही.
जे काय करायचं ते फट करते.

हे मी आईच्या खोपटात शिकले
आणि विसरले,
आणि क्लाक्सविकला मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहू लागले,
संध्याकाळी लोकांच्या वेबसाइट.
चर्चच्या गायकमंडळाला निळी हवी.
लोकरवाल्या मार्जुनला निळीच, पण ती निळी नको.
होडी भाड्याने देणारा बार्दुर म्हणाला, साधीच कर,
आणि सतरा वेळा फोन केला.

तेव्हा एका हिवाळ्यात, दिवस जेमतेम पाच तासांचा असताना,
मी एक छोटं अवजार लिहिलं.
रकाने किती, विचारतं.
समास किती सोडू, विचारतं.
वर चित्र की नुसतं नाव,
कडेला यादी की मोकळंच राहू दे.
मग एक बटण, आणि साचा तयार.
ज्याचा त्याने भरावा.

मार्जुनने पाहिला. म्हणाली, यात काहीच नाही गं सोलरुन.

खरं होतं. नुसत्या फळ्या कुणाला दिसत नाहीत,
काहीतरी टांगून दाखवावं लागतं.
कसलाही मजकूर चालला असता,
पण रात्रीचे दोन वाजले होते
आणि फ्रीजवर चुंबकाखाली आईची चिठ्ठी तशीच होती,
ती जाऊन अकरा महिने झाले तरी.
मी ती टाइप केली, नमुना म्हणून:

खोपटाचं दार ओढून घे.
वारा आत आला तर येऊ दे, मेंढी येता कामा नये.
बटाटे उकडलेत.
तुझे मोजे मी रफू केलेले नाहीत. तू शिक.

अवजार फुकट होतं. लोकांनी नेलं,
कुठकुठले लोक.
आमची भाषा बोलणारे आम्ही मूठभर;
बाकीच्या जगाला ती
कळफलकावरून मांजर गेल्यासारखी दिसते.
ज्यांना बदलायचं सुचलं त्यांनी बदललं.
उरलेल्यांकडे आई राहिली.

पोर्तोच्या एका दंतवैद्याकडे,
पांढऱ्याशुभ्र हसण्याखाली: बटाटे उकडलेत.
वाल्दिव्हियाच्या वकिलीणबाईंकडे, "आमच्याविषयी" या पानावर:
मेंढी येता कामा नये.
बुसानच्या मोटार शिकवणाऱ्या शाळेत, ठळक अक्षरांत:
तू शिक.

ब्रांदुर, माझा भाऊ, पोट धरून हसला,
मग गप्प झाला,
मग म्हणाला, काढ ते. आईला हे आवडलं नसतं.
आईला काय आवडलं नसतं याचा हिशेब
त्याच्याकडे नेहमी माझ्यापेक्षा चोख असतो.

मी फाइल उघडली. ती ओळ निवडली, निळी झाली.
ती निळी नको, असं वाटलं, आणि बंद केली.

मार्चमध्ये दंतवैद्याचं पत्र आलं. सेराफिम नाव.
खुर्चीवर वाट पाहणारे विचारतात, हे काय लिहिलंय,
आणि त्याने आजवर प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं.
मी खरं काय ते कळवलं,
आणि बदलायचं कसं, तेही,
तीन पायऱ्या, चित्रांसह.

तीन दिवस काही नाही.
मग एक ओळ:
राहू देतो. मोजे शिकलात का?

नाही.
हे लिहिते आहे तेव्हाही डाव्या अंगठ्यापाशी
बोट जाईल एवढं भोक आहे,
आणि दाराखालून वारा येतो,
त्याला बरोबर सापडतं.