गड्डा

यादवाडच्या चुनखडीच्या खाणीवर
मीटर बघायला गेलो होतो, नोकरीच्या शेवटच्या वर्षी.
युनिट वहीत टिपून वळलो
तर सुरुंगाने फुटलेल्या चिपेवर
भाजीवालीने उभा चिरून ठेवावा तसा
गड्डा.

‘एलेकोसु,’ रुद्राप्पा म्हणाला,
आणि माझ्या तोंडाकडे बघून, ‘कोबी.’
मग त्यानेच छिन्नीने कड सोडवून दिली.
पैसे घेतले नाहीत. दगडी कोबीचे कोण घेतं.

निपाणीपर्यंत मांडीवर.
कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं:
चौदा किलो, दगड.
ही त्याची पहिली ओळख, सरकारी.

घरी भिंग, टॉर्च, दातांचा जुना ब्रश.
थुंकी लावली की रेषा वर येतात,
वाळली की जातात.
आधी शंख म्हटलं. मग कासवाची पाठ.
एका रात्री मेंदू म्हटलं, आणि झोप लागली नाही.
अर्धं लिंबू पिळलं, बारीक फसफसलं.
‘काय करूलासा?’ आतून पद्मल,
‘आमटीचं लिंबू हाय ते.’

कॉलेजात हुक्केरी मॅडमनी चष्मा कपाळावर घेतला,
नखाने एकेक थर मोजत गेल्या,
मध्येच विचारलं, खाणीत वरची बाजू कुठली होती?
मला आठवेना.
‘असू दे, तो सांगतोय.
फुगवटा वर. उजेडाकडे.

ह्यात शंख नाही, हाड नाही, पान नाही.
ह्यात कुणीच नाही.
उथळ पाण्यात एक बुळबुळीत साय होती,
तिच्यावर गाळ बसायचा,
ती गाळातून वर यायची.
पुन्हा गाळ.
पुन्हा वर.
साय कधीच गेली.
उरलंय ते तिचं वर येणं.’

वय विचारलं. शंभर कोटींच्या पुढे, म्हणाल्या,
नक्की कुणी सांगू नये.
आमच्या मीटरला पाच आकडे.
ते भरले की पुन्हा शून्य.

घरी आलो, फळीकडे पाहिलं.
आठ महिने मी त्याला
डोक्यावर उभं केलं होतं.

सुलटा ठेवला. खाली कार्ड लावलं.
नाव: स्ट्रोमॅटोलाइट. पेन अडखळलं, दोनदा.
गाव: यादवाड.
सापडला कुणाला:
इथे माझं नाव लिहून खोडलंय.
रुद्राप्पा.
आडनावाची जागा
अजून कोरी.