अर्धा कोंबडा

मेथाना. द्राक्षांना फुटवे येतात ते दिवस.

कोंबडा पांढराच लागतो.
एक पीस करडं निघालं तरी
नैऋत्येचा तो, लिप्स, मागे वळत नाही,
खाडीवरून थेट कोवळ्या पानांवर उतरतो.
त्याला देऊळ नाही. त्याला चेहरा द्यायला
कुणी कारागीर धजला नाही.
सकाळी वेल काळी पडलेली दिसते,
एवढीच त्याची मूर्ती.

कोंबडा माझा होता.
थंडीत चुलीमागे निजायचा, माझ्या तळहातावरचे जव टिपायचा.
दामिप्पोसने पाय धरले, मिक्किओनने पंख.
बाप गेल्यापासून माझ्या भावांचे हात
पहिल्यांदाच एका वस्तूला लागले.

बाप गेला आणि बागेत बांध आला.
डोंगराने कधीकाळी ओकलेल्या काळ्या दगडांचा,
गुडघ्याएवढा. शेळीसुद्धा ओलांडते.
भाऊ ओलांडत नाहीत.
पण वाऱ्याला वाटणी कळत नाही,
आणि या कामाला माणसं दोन लागतात.
एकाच आईची असली तर बरं,
असं म्हातारी खाइरीप्पे म्हणाली,
आणि दुसरीकडे बघत राहिली.

सुरी चालली तेव्हा मी डोळे मिटले होते.
नव्हते मिटले.

मग एक डावीकडून पळाला, एक उजवीकडून,
सगळ्या बागेला बाहेरून वळसा घालत,
हातात आपापला अर्धा,
कोपरापर्यंत ओघळ.
वारा दोघांच्या तोंडावर सारखाच.
मिक्किओन चपळ. दामिप्पोसचा गुडघा
दोन वर्षांपूर्वी बैलाने मोडलेला.
अंजिराआड मिक्किओन थांबलेला मी पाहिला:
वाकून वहाणेचा बंद बांधत होता.
अनवाणी पळायचं असतं या विधीला.

निघाले तिथेच, एकाच वेळी पोचले.
खड्ड्यात दोन्ही अर्धे शेजारी ठेवले,
नीट जुळले नाहीत. पंख एकाच बाजूला गेला होता जास्त.
‘माती दाब,’ कुणीतरी म्हणालं.
कोण, ते वाऱ्यात कळलं नाही.
दोघंही दाबू लागले.

एक पीस मी मुठीत ठेवलं.
सगळा कोंबडा द्यायचा असतो, हे मला ठाऊक होतं.

तो रात्रभर घोंघावला आणि पहाटे समुद्रावर गेला.
बाग वाचली.
खालची एक ओळ तेवढी करपली,
माझ्या पिसापायी असेल.
ती कुणाच्या वाट्याची,
ते अजून कुणी विचारलेलं नाही.