डोक्यावर लाट असलेलं अक्षर

बुधवारी चार ते सहा मी हाप्सालूच्या ग्रंथालयात
लोकांच्या संगणकातल्या गाठी सोडवते.
विसरलेले पासवर्ड, हरवलेले फोटो,
आणि या बुधवारी ऑइये,
बाह्यांना डांबराचा वास.

"वेबसाइट झालीये. मारितने ॲडलेडहून करून दिली.
पण पत्ता बघ."
आधी हिचं नाव, मग टिंब,
मग जागा देणाऱ्या कंपनीचं नाव, लांबलचक,
पोटभाडेकरूच्या पाटीवर असतं तसं.
"चाळीस वर्षं होड्या बांधतोय आम्ही.
गिऱ्हाइकाला काय सांगू, अमक्याच्या पडवीत या म्हणून?"

नाव विकत घेतलं. वर्षभराचं.
वार्निशच्या डब्यापेक्षा स्वस्त, ती म्हणाली,
आणि वार्निशसारखंच दर वर्षी पुन्हा.

तिचं पहिलं अक्षर म्हणजे ओ,
आणि त्याच्या डोक्यावर एक लाट.
घशात मागे ओढून म्हणायचं,
गार पाण्यात पाय घालताना निघतं तसं.
मी टाइप केलं, तर यंत्राने आपल्या वहीत लिहून घेतलं:
एक्स, एन, दोन आडव्या रेघा, पुढे काहीबाही.
मला ओशाळल्यासारखं झालं.
ती हसली. "सोव्हिएत पासपोर्टात
रशियन अक्षर चिकटवलं होतं मला.
तेव्हाही मीच होते."

मग चार आकडे, मध्ये टिंबं.
वेबसाइट जागची हलत नाही, मी सांगितलं,
नाव फक्त तिकडे बोट दाखवतं.
तिसरा आकडा मी चुकवला.
तिने पकडला. फळ्या मोजणारी बाई.

जतन केलं. पडद्यावर आलं:
अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.
"कशाला?"
"पोचायला. जगभर वह्या आहेत, त्यांत आधीचं लिहिलेलं,
ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या सवडीने खोडते."
"म्हणजे आमच्या लग्नाची बातमी," ती म्हणाली.
"सासूला सगळ्यांत शेवटी कळली."

त्याच रात्री ॲडलेडला दिसलं.
निळी होडी, दर, फोन.
अंगणापलीकडे शेडमध्ये विल्लूच्या फोनवर मात्र
'इथे अजून काही नाही'.
तो रंधा मारत राहिला.
गुरुवारी त्यालाही दिसलं, पण वर इशारा: असुरक्षित,
कुलूप अजून बसायचं होतं.
शेडला तरी कुठे आहे, असं म्हणाला म्हणे.

शुक्रवारी ती आली, बुधवार नसताना.
"आणखी एक नाव घ्यायचंय.
तेच. पण लाटेऐवजी दोन टिंबं."

विल्लू सारेमा बेटावरचा.
तिथल्या माणसांच्या तोंडात ही लाट उठतच नाही.
तो तिला एइये म्हणतो,
वल्ह्यावरून दोन थेंब गळावेत तसं.
"पहिलं वर्षभर सुधारत होते मी.
मग मार्चमध्ये एकदा खाडीवरून चालत येताना
मागून ओरडला, एइये!
थांबले. पुढच्या पावलावर बर्फ काळा होता.
नाव चुकीचं होतं,
थांबले मात्र मीच ना?"

मी काही बोलले नाही. फॉर्म उघडला.
दुसऱ्या नावाला वेगळं घर लागत नाही,
त्याला पहिल्याकडे वळवून द्यायचं,
एवढंच, एका ओळीचं काम.
पैसे तिने सुटे मोजून दिले.

रविवारी, तिनेच सांगितलं,
विल्लूने जाड्या बोटाने स्वतः टाइप केलं,
दोन टिंबांसकट, त्याच्या जन्मगावच्या उच्चाराने.
पान उघडलं.
वरच्या पट्टीत टिंबं पुसली गेली
आणि त्या जागी, आपोआप, लाट.

त्याचं लक्ष नव्हतं.
तो दर वाचत होता.
"वल्ही," म्हणाला, "फार स्वस्त लावलीयेस, एइये."