रकाना सातवा

गारगोटीहून आलेली एसटी मला फाट्यावर सोडून गेली.
खांद्याला टेप, पिशवीत छापील अर्ज,
एका वास्तूला एक.
नाव, काळ, मालक, मोजमापं, वगैरे,
आणि सातव्या रकान्यात: स्थिती.
चांगली, बरी, वाईट. योग्य तिथे शाईने खूण करावी.

पहिला अर्ज जकातनाक्याचा.
संस्थानच्या वेळचा, दोन कमानी, एक बुजवलेली.
आत शौकत नदाफ पंक्चर काढतो.
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत म्हणाला,
"पडला असता ओ कवाच.
आमच्या बानं दर सालाला कौलं परतली,
म्हणून उभा हाय."
मालकाच्या रकान्यात मी लिहिलं: शासन.
आणि त्यानंच दिलेल्या फडक्याला हात पुसले.

दुसरा देवळाचा.
भिंतीवर गेरूची रेघ, माझ्या डोक्याच्या वीतभर वर:
'२०१९, पाणी हितवर.'
खाली फिकट एक, २००५ ची.
त्याच्याही खाली, दगडातच,
साल नाही, अक्षर नाही,
नुसता एक मासा.
नियम सांगतो, भिंतीवरचं लिखाण साफ करावं.
मी मासा मोजला. नऊ सेंटिमीटर,
शेपूट झिजलेली, ती धरली नाही.
रेघांचं काही लिहिलं नाही.

"झालं की," कोतवाल यमगोंडा म्हणाला,
"घाटावर काय, दगडं हाईत नुस्ती."

घाटावर गोदाक्का सतरंजी आपटत होती
पुरुषभर लांब काळ्या फरशीवर.
वरून गुळगुळीत, साबणानं पांढुरकी.
पण कडेला, पाण्यालगत,
बोटांना लागला
घोड्याचा खूर.

"ह्यो दगूड? माझ्या आजेसासूच्या आदीपासनं हितंच."

चार माणसं, एक पहार, ट्रॅक्टरचा दोर.
चिखलानं त्याला चपकन सोडलं,
आणि गोदाक्कानं आपल्या बादलीतलं पाणी
त्याच्या तोंडावर ओतलं.

खाली लढाई.
गुरं वळवून नेणारे, त्यांना आडवा एकटा,
धनुष्य कानापर्यंत ओढलेलं.
मध्ये दोघीजणी त्याला बखोटीला धरून वर नेताहेत.
त्यावर तो पिंडीपुढे बसलेला,
आणि माथ्याशी चंद्र, सूर्य.
भुवया होत्या त्याला.
कानात भिकबाळी होती, तिचे मोतीसुद्धा.
देवळापुढं मानानं उभे केलेले त्याचे भाऊबंद
ऊनपावसात नाकडोळे घालवून बसलेत.
हा चिखलात तोंड खुपसून पडला,
पाठीवर किती पिढ्यांची लुगडी, धोतरं, बाळंतपणाच्या दुपटी,
आणि काल कोरल्यासारखा.

काळ: बहुधा बारावं शतक.
मालक:

गोदाक्का वाकून बघत होती, पदर ओला.
"म्हंजे मी एवढी वर्सं ह्याच्या पाठीवर…"
पुढचं बोलली नाही.
मग एकदम,
"आता धुणं कुठं धुवायचं वो, बाई?"

अर्जात तसा रकाना नव्हता.

यमगोंडा म्हणाला, शाळंपुढं उभा करू, कठडा बांधू, निळी पाटी.
मागून कुणी म्हणालं, शेंदूर आणा.
"शेंदूर नको!" मी ओरडलेच,
आणि सगळे माझ्याकडे बघू लागले,
जणू त्याची सोयरीक माझ्याशीच.

दुपारचं ऊन भुवयांवर आलं होतं.
चिखल सुकून चट्ट्याचट्ट्यांनी पडत होता.
मनात आलं, ह्याचं झिजणं
आता सुरू झालं, एक वाजून दहा मिनिटांनी,
आणि ते मी सुरू केलं.
पेन परत खिशात घातलं.
सातव्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, चांगली,
खोडता येईल इतकं हलकं.

गाडी यायला चार वाजणार होते.
गोदाक्कानं सतरंजी पिळली, झटकली,
आणि ओलीच टाकली त्याच्या अंगावर.
"उन्हाची सवं न्हाई त्याला," म्हणाली.
सतरंजी लांबीला कमी पडली.
खूर बाहेर राहिला.