दोन रकाने

तोमर मॅडमनी वहीत उभी रेघ मारायला सांगितली.
डावीकडे: परत फिरणारे बदल.
उजवीकडे: न फिरणारे.
"घरातले दहा शोधा. पुढच्या सोमवारी तपासीन."

बर्फ. मेण. जळकी काडी.
चौथ्याला पेन्सिल अडली
म्हणून जिना उतरून खाली गेले,
जिथे थंडी पडली की हरप्रसाद शिवहरे
पहाटे चारला भट्टी पेटवतात
आणि वर आमची फरशी
अनवाणी चालण्याजोगी होते.
अख्ख्या लष्करात असं घर आमचंच असेल.

गुळाची ढेप. नखाने ओरखडाही उठेना.
हातोडीचा एक घाव, आणि दगडासारखे तुकडे.
कढईत आधी कोपरे विरघळले, मग पोट,
मग इथे ढेप होती हे सांगायला
उरला नुसता वास.

"लिहू डावीकडे?"
"थांब की, बिटिया."
(त्यांचं मराठी आमच्या घराने शिकवलेलं,
मध्येच हिंदीची ठेच लागलेलं.)

झारा लोखंडी, दांड्याला गोणपाट गुंडाळलेलं.
का, ते मी हात लावून शिकले.
शेजारीच लाकडी मोगरी पडली होती,
तिला भट्टीचा पत्ताच नाही.

पाकाचा थेंब गार पाण्यात: मऊ गोळी,
चिमटीत चपटी झाली.
पुन्हा उकळी. पुन्हा थेंब.
आता गोळी वाटीवर टाकली तर
टण्ण!
"बोलला," म्हणाले, आणि कढई उतरवली.

मग भिंतीतला खुंटा.
त्यावर तपकिरी, जाड, आळशी पाक टांगला,
ओढला, दुमडला, परत टांगला,
ओढला, दुमडला,
आणि तो उजळत गेला.
तपकिरीचा तांबूस, तांबसाचा सोनेरी,
सोनेरीचा जवळजवळ चांदी.
"काहीच तर घातलं नाही तुम्ही!"
"घातली ना. हवा."

हवेला कुठे रंग असतो?
मी खुंट्याखाली उभी राहून पाहिलं:
दर घडीत केसाएवढी हवा कोंडलेली,
आणि तिच्यावर आपटून
उजेड माघारी येत होता.

मग भाजलेले तीळ, मोगऱ्यांची धपाधप,
पापुद्र्यावर पापुद्रा.
दहा मिनिटांपूर्वी जो दोरखंड होता
तो वाकवायला गेले, तर कट्.
मोडलेला तुकडा मी गरम पाण्यात टाकला.
गूळ निघाला, पाणी तपकिरी झालं,
तीळ वर तरंगले.
म्हणजे गूळ डावीकडे. आणि तीळ?
"तिळालाच विचार," हरप्रसाद म्हणाले.

दोन कुल्हडांत माती.
एकात सात कच्चे तीळ, एकात सात भाजलेले.
भट्टीमागच्या उबदार भिंतीशी ठेवले,
रोज चमचाभर पाणी.
धाकटा निनाद रोज विचारायचा, "गजक उगवली का?"

सहाव्या दिवशी कच्च्यांतले पाच उभे,
डोक्यावर दोन दोन पानं.
दुसऱ्यातले मी उकरून काढले.
फुगलेले. एकावर पांढरी बुरशी.
आणि तेव्हा लक्षात आलं,
सहा दिवस ओलं राहूनही
कुल्हडाचा चिखल झाला नव्हता.
तोही भाजलेलाच.

सोमवारी मॅडमनी वही पाहिली.
"गजक" मी बरोबर रेघेवर लिहिली होती,
ग अलीकडे, क पलीकडे,
ज मधोमध चिरलेला.
मॅडमनी चष्मा वर केला. लाल पेनाने काहीच लिहिलं नाही.
"नमुना आणलायस?" विचारलं.
आणला होता. दमट डब्यात थोडा मऊ पडलेला.
त्यांनी खाल्ला.
मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं,
"मॅडम, हा बदल कुठल्या रकान्यात?"

घरी आले तेव्हा खुंट्यावर दुसरा पाक होता.
हरप्रसादांनी हात धुऊन मला तुकडा दिला.
त्यांचा तळहात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला:
गुळगुळीत, घासलेल्या परातीसारखा,
एकही रेष नाही.
रकाना मला माहीत होता.
मी विचारलं नाही.